रात्री दोन वाजता जागं कोण असतं?

वृद्धाश्रम बघायला गेलेली माणसं आधी स्वयंपाकघर बघतात. मग खोली, खिडकी, खिडकीतून झाड दिसतं का, देवघर आहे का, संध्याकाळी भजन होतं का. डिपॉझिट किती, त्यातलं परत किती मिळतं, महिन्याला किती. हे सगळं विचारायलाच हवं. पण आत्यासाठी जागा शोधताना मी आणि भावानं पुण्याच्या आसपासच्या बऱ्याच संस्था पालथ्या घातल्या, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न कोणी विचारतच नाही. रात्री दोन वाजता इथे जागं कोण असतं?

"सिस्टर असतात ना," असं उत्तर येतं. किती? एक. मजले किती? दोन. त्या जाग्या असतात, की बोलावलं तर उठतात? इथे समोरचा माणूस थबकतो. या थबकण्यावरून मला संस्थेबद्दल जेवढं कळलं, तेवढं चकचकीत माहितीपत्रकांतून कधी कळलं नाही.

आत्या वाईच्या शाळेत गणित शिकवायची. लग्न केलं नाही. सत्तरीनंतर तिला कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, जडला. आधी डावा हात थरथरायला लागला, मग पावलं आखडली, मग आवाज बारीक झाला. वृद्धाश्रमात जायचं हे तिनं स्वतः ठरवलं. "तुमच्या सुट्ट्यांच्या हिशेबानं मला जगायचं नाही. मला रोज माणसं हवीत," असं तिनं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं.

तरीही नातेवाइकांत कुजबुज झालीच. आपल्याकडे वृद्धाश्रमाचा विषय निघाला की बोलणं एकाच वळणावर जातं: टाकलं की नाही टाकलं. मुलं परदेशात, आई-वडील वाऱ्यावर, संस्कार कुठे गेले. या सगळ्यात तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाचं काय चाललंय, त्याला पाणी वेळेवर मिळतं का, रात्री लघवीला उठताना कोणी हात देतं का, हे बाजूलाच राहतं. शिवाय या लाजेचा एक वाईट परिणाम होतो. मनात अपराधी वाटणारा माणूस संस्थेकडे जाब मागत नाही. "सांभाळतात हेच खूप आहे," म्हणतो आणि निघताना देणगीची पावती फाडतो.

संस्थाही त्याच भाषेत बोलतात, आणि त्याला इतिहास आहे. पुण्याच्या नवी पेठेतलं 'निवारा' १८६३ सालचं, डेव्हिड ससून यांच्या नावानं, निराधार आणि अपंगांसाठी उभं राहिलेलं. पुढेही वृद्धाश्रम उभे राहिले ते बहुतेक दानातून, कोणाच्या तरी तळमळीतून. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण सेवा म्हणजे उपकार, हा समज त्यातून घट्ट झाला, आणि उपकार मोजायचे नसतात. मला वाटतं, म्हाताऱ्या माणसांची काळजी हे मोजता येण्यासारखं काम आहे आणि ते मोजलंच पाहिजे. आत्याच्या पहिल्या वृद्धाश्रमात जे पाहिलं त्यावरून हे बोलते आहे.

ती संस्था वाईट नव्हती. जेवण गरम असायचं, चादरी स्वच्छ असायच्या, मॅनेजर बोलायला गोड होते. अडचण गोळ्यांपासून सुरू झाली. कंपवातावर लेव्होडोपा नावाचं औषध देतात. आजार वाढत जातो तसा एका गोळीचा जोर काही तासच टिकतो, म्हणून पुढची गोळी घड्याळ लावून द्यावी लागते. त्यातही ती रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी दिलेली बरी, कारण डाळ, दूध, अंडं यांतली प्रथिनं तिला आतड्यातून रक्तात जायला अडवतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे जाणाऱ्या कोणालाही विचारा, पहिल्याच भेटीत हे ऐकायला मिळतं. आत्याच्या वेळा सात, अकरा, तीन आणि सात अशा होत्या. संस्थेत गोळ्यांचा ट्रे फिरायचा तो नाश्त्यानंतर, जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर. म्हणजे चार गोळ्यांच्या तीन वेळा झाल्या, आणि त्या तिन्ही भरल्या पोटी.

एकदा सकाळी साडेअकराला मी तिच्यासमोर बसले होते. अकराची गोळी मिळालेली नव्हती. तिच्या हातात चमचा होता, ताटलीत शिरा. चमचा शिऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. ती त्या चमच्याकडे बघत होती, जणू हात दुसऱ्या कोणाचा होता. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं, पण डोळे मला सगळं सांगत होते. शेजारून जाणाऱ्या मावशी सहज म्हणाल्या, "आज आजींना खायचा कंटाळा आलाय."

मी डॉक्टरांचं पत्र आणून दिलं. मॅनेजर म्हणाले, "ताई, पन्नास जणांच्या गोळ्या आहेत. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं कसं ठेवणार?" अडचण खरी आहे. मी ती थट्टेवारी नेत नाही. पण मधुमेहाचं इन्शुलिन, रक्त पातळ करणारी गोळी, कंपवाताची गोळी, यांतलं कशाचं घड्याळ सरकवलं तर चालतं आणि कशाचं नाही, हे ज्या घरात कोणालाच ठाऊक नसतं, तिथे कितीही मायाळू माणसं असली तरी राहणारा सुरक्षित नसतो.

त्याहून मोठा प्रसंग रात्रीचा. या आजारात पुढे पुढे माणसाला नसलेलं दिसायला लागतं. आत्याला खोलीच्या कोपऱ्यात मुलं दिसायची. बहुधा तिचे विद्यार्थी. ती त्यांना मोठ्यानं हाका मारायची. एका रात्री शेजारच्यांची झोपमोड झाली म्हणून ड्यूटीवरच्या मुलीनं डॉक्टरांना फोन केला, डॉक्टरांनी फोनवरच हॅलोपेरिडॉल या शांत करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन द्यायला सांगितलं, तिनं दिलं. दुसऱ्या दिवशी आत्या लाकडासारखी ताठ पडली होती. चहा गिळता येईना, तोंडाच्या कडेनं ओघळत होता. मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं: कंपवातात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोचवणारं रसायन, आधीच कमी झालेलं असतं, आणि हे औषध नेमकं डोपामिनचंच काम रोखतं. उलटीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही त्याच जातीचं, तेही या रुग्णांना टाळायचं.

आत्याच्या फाइलवर आजाराचं नाव ठळक लिहिलेलं होतं. पण फाइल ऑफिसच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅनेजरकडे आणि मॅनेजर रात्री घरी. त्या मुलीला मी दोष देत नाही. वीस-बावीस वर्षांची पोर, एवढ्या माणसांवर एकटी, अंधारात कोणीतरी ओरडतंय. तिला जे सांगितलं ते तिनं केलं. म्हाताऱ्या माणसांना कोणती औषधं टाळावीत याची यादी मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१ मध्ये पुढे आणली, आणि ती मुळात तिथल्या नर्सिंग होममध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या संस्थांत, राहणाऱ्या ज्येष्ठांसाठीच केलेली होती. ती पुढे वेळोवेळी सुधारली गेली. एवढी वर्षं उपलब्ध असलेली गोष्ट आपल्याकडे रात्रीच्या टेबलावर का पोचत नाही? आत्याच्या उशापाशी "ही औषधं देऊ नयेत" असा एक लाल कागद चिकटवलेला असता तर पुरलं असतं. आम्ही नंतर तो चिकटवला.

आत्याच्या खोलीत दुसऱ्या पलंगावर एक आजी होत्या, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांच्या डोक्याशी भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता होता: दर दोन तासांनी डावी, उताणं, उजवी, पुढे सही. मी तिथे दुपारी चारला बसले होते आणि तक्त्यात रात्री आठपर्यंतच्या खुणा आधीच भरलेल्या होत्या. एकाच निळ्या पेनानं, एकाच उताराच्या.

मी मावशींना विचारलं. त्या परभणीकडच्या, ब्युरोतून आलेल्या, बारा तासांची पाळी. त्या लपवायला गेल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, एकटीनं वळवता येत नाही त्यांना. ओढलं तर कातडं सोलतं. दुसरी मावशी खालच्या मजल्यावर. मग मी काय करू? कागद तर भरावा लागतो."

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. म्हाताऱ्या माणसाची त्वचा पातळ होते. गादीवरून शरीर ओढलं की कातडी जागेवर राहते आणि आतलं मांस सरकतं, तिथेच जखमेला सुरुवात होते. उचलून वळवायला दोन माणसं लागतात, किंवा खाली घातलेली आडवी चादर दोन्हीकडून धरायला लागते. बेडसोअर पहिल्यांदा कुठे होतो तेही ठरलेलं असतं: माकडहाड, खुबे, टाचा. पुस्तकात लिहितात की लाल झालेल्या जागी बोट दाबा, लाली गेली नाही तर धोक्याची खूण समजा. पण ही खूण गोऱ्या कातडीवर दिसते. आपल्या सावळ्या माणसांवर ती सहज दिसत नाही. तिथे हात लावून बघावं लागतं: आसपासच्या जागेपेक्षा गरम लागतंय का, टणक किंवा उलट लिबलिबीत लागतंय का, रंग जांभळट झालाय का. हे मला एका हॉस्पिटलातल्या वयस्कर सिस्टरनी शिकवलं. तेव्हापासून मी कोणत्याही वृद्धाश्रमात ओळखीच्या माणसाला भेटायला गेले की नमस्कार करून झाल्यावर टाचा बघते.

परदेशातली मुलं रोज व्हिडिओ कॉल करतात, त्यांची तळमळ मी जवळून पाहिली आहे. एका आजोबांचा मुलगा टोरांटोहून रोज न चुकता फोन करायचा. पण कॉलमध्ये चेहरा दिसतो, टाचा दिसत नाहीत. संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाचे आणि कोजागरीचे फोटो येतात, त्यात सगळे खुर्चीत बसलेले असतात. जे खुर्चीत बसू शकत नाहीत ते त्या फोटोत नसतात. दूर असलात तर पुण्यातल्या कोणाला तरी अवेळी पाठवा. संध्याकाळी सातनंतर, रविवारी दुपारी, गणपतीत जेव्हा निम्मा स्टाफ गावी गेलेला असतो तेव्हा.

पडण्याबद्दल बोलायला हवं, कारण सगळ्यांना भीती त्याचीच असते. पासष्टीच्या पुढच्या दर तीन-चार माणसांत एक जण वर्षातून एकदा तरी पडतो. जगभरचा अनुभव असाच आहे. अनेकदा पडणं होतं ते संडासाच्या वाटेवर, रात्री किंवा पहाटे. ओली फरशी, उंबरा, सैल स्लीपर, झोपेच्या गोळीची गुंगी, उभं राहिल्यावर एकदम उतरणारा रक्तदाब. कारणं साधी आहेत आणि उपाय महाग नाहीत. भिंतीला दांडे, रात्रभर एक मंद दिवा, मागून बंद चपला, आणि झोपण्यापूर्वी माणसाला कोणीतरी संडासात नेऊन आणणं.

पण अनेक ठिकाणी सोपा उपाय वेगळाच निघतो: बांधून ठेवणं. जुन्या साडीची पट्टी, खुर्चीच्या मागे गाठ. "पडू नयेत म्हणून हो, त्यांच्याच भल्यासाठी." मी हे पाहिलं आहे, आणि बांधलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा अपमानही पाहिला आहे. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं नर्सिंग होममधल्या लोकांना सोयीसाठी किंवा शिस्तीसाठी बांधून न ठेवलं जाण्याचा हक्क दिला. त्यानंतर बांधणं खूप कमी झालं, आणि त्यामुळे गंभीर दुखापती वाढल्या असं काही झालं नाही. उलट बांधलेल्या माणसाचे पाय आणखी कमजोर होतात, तो सुटण्याची धडपड करतो, बसून बसून जखमा होतात. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्णालयांसाठी यावर स्पष्ट बंधनं आहेत: कधी, कोणाच्या परवानगीनं, नोंद करून, आणि चोवीस तासांत रुग्णाच्या प्रतिनिधीला कळवून. मनोरुग्णालयात जे लिहून ठेवावं लागतं, ते वृद्धाश्रमात दुपारच्या चहाआधी सहज होऊन जातं.

"तपासणीला कोण येतं?" हे मी प्रत्येक संस्थेत विचारायची. कोणी म्हणालं अग्निशमनवाले, कोणी म्हणालं धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातो. देणगीतल्या रुपयाचा हिशेब जातो हे उत्तमच. पाठीवरच्या जखमेचा हिशेब कोणाकडे जातो, याला मला उत्तर मिळालं नाही. २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा बहुतेकांना माहीत असतो तो पोटगीसाठी. त्याच कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार ज्येष्ठांसाठी एक वृद्धाश्रम असावा असंही म्हटलं आहे, आणि वृद्धाश्रमांचा कारभार कसा असावा, सेवेचा दर्जा काय असावा हे ठरवण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. २०१९ च्या डिसेंबरात लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं, त्यात वृद्धाश्रमांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा होता. त्याचा कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये २००९ पासून एक स्वतंत्र आयोग अशी प्रत्येक संस्था तपासतो. त्याच्या पाच प्रश्नांतला पहिलाच असा, की ही जागा सुरक्षित आहे का? निकाल जाहीर होतो आणि संस्थेला तो लोकांना दिसेल असा लावावा लागतो. तिथेही वाईट घटना घडतात. पण निदान दारात उभं राहून वाचायला काहीतरी असतं. आपल्याकडे ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तक्रार तिथे सांगता येते. मात्र तक्रार करायला आधी कोणीतरी बघितलेलं असावं लागतं.

आत्याला आम्ही दुसरीकडे हलवलं. ती संस्था लहान, इमारत जुनी, बाग नाही, जेवण पहिल्या ठिकाणापेक्षा थोडं डावंच. पण पहिल्या भेटीत तिथल्या मुख्य सिस्टरनी आम्हाला एक वही दाखवली. कोण कधी पडलं, कुठे, कशामुळे, नंतर काय बदललं. त्यातली एक नोंद माझ्या लक्षात राहिली: "पहाटे ४:२०, संडासाबाहेर, पायपुसणं घसरलं. सर्व पायपुसणी काढली." दुसऱ्या एका संस्थेचे विश्वस्त आम्हाला अभिमानानं म्हणाले होते, "आमच्याकडे कोणी पडत नाही." ऐंशी-नव्वदीची माणसं जिथे राहतात तिथे कोणीच पडत नाही, याचा अर्थ एवढाच की पडलेलं कोणी लिहीत नाही. किंवा सगळे बांधलेले आहेत.

या सिस्टर पडल्याचं सांगणाऱ्या मावशीला रागावत नाहीत, पगार कापत नाहीत. मला यापेक्षा महत्त्वाचं काही दिसलेलं नाही. जिला नोकरी जाण्याची भीती आहे ती मावशी सुजलेला घोटा पदराआड ठेवणार, आणि तो फ्रॅक्चर होता हे चार दिवसांनी कळणार. आत्याच्या गोळ्यांचा डबा इथे वेगळा आहे, सिस्टरच्या टेबलावरचा फोन ठरल्या वेळी चार वेळा वाजतो. रात्री वरच्या मजल्यावर एक मावशी पूर्ण जागी असते, दिवसा तिला काम नसतं, ती झोपून आलेली असते.

सुरक्षिततेचा अतिरेकही होऊ शकतो, हे मला इथेच कळलं. आत्याला संध्याकाळी फाटकापर्यंत एकटीनं जायचं असतं. वॉकर घेऊन, पण सोबत कोणी नको. वाटेत दोन पायऱ्या आहेत. भाऊ म्हणाला, नको. सिस्टरनी तिलाच विचारलं. आत्या म्हणाली, "पडले तर पडेन. पण रोज कोणाचा तरी हात धरून फाटक बघायचं म्हणजे मी फाटक बघतच नाही, तो हातच बघते." तीनची गोळी घेतल्यानंतरच्या तासात तिचे पाय सगळ्यात मोकळे असतात, म्हणून सिस्टरनी तेवढी वेळ ठरवून दिली, पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारला, आणि वहीत लिहिलं की हा धोका आजींनी समजून घेऊन पत्करला आहे. खाली आत्यानं सही केली. कंपवातात अक्षर बारीक होत जातं, ती सही वाचायला डोळे बारीक करावे लागतात, पण आहे तिचीच.

आता आम्ही काही नातेवाइकांनी मिळून विश्वस्तांना लेखी मागणी दिली आहे. महिन्याला किती जण पडले, किती जणांना नवीन जखम झाली, आणि रोज रात्री कोणत्या मजल्यावर किती माणसं जागी आहेत, हे नोटीस बोर्डावर लावावं. पहिल्या दोन गोष्टींना त्यांनी होकार दिला. तिसरीसाठी खालच्या मजल्यावर रात्रीचं आणखी एक माणूस नेमावं लागेल आणि फी वाढवावी लागेल, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते खोटं नाही. नातेवाइकांत यावर दोन तट पडले आहेत. काही जण आधीच ओढाताणीनं फी भरतात. मी आणि भाऊ वाढीच्या बाजूनं आहोत. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी देणग्यांतून वेगळी रक्कम बाजूला काढता येईल का, हे पुढच्या बैठकीत मांडणार आहोत.